करारावर बाईचं नाव

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी एका रिकाम्या फ्लॅटमध्ये सगळे नळ सोडून उभी होते. त्या म्हणाल्या, कुमुदकाकू, यंदा आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात भाडेकरूंना उपयोगी पडतील असे दहा मुद्दे द्या, एका पानात बसतील असे. मी म्हटलं, बाई गं, दहा मुद्दे हवेत तर माझ्या नातीला सांग, ती अर्ध्या मिनिटात मोबाइलवरून काढून देईल. मी सव्वीस वर्षं बडोद्यात भाड्याची घरं दाखवतेय. मी लिहिलं तर माझ्या पद्धतीनं लिहीन, आणि ते एका पानात बसायचं नाही. मग म्हणाल्या, बरं, लिहा, फक्त कुणाची बदनामी नको. ती करायची झालीच तर मी माझीच करणार आहे, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही.

मी दलाल आहे. सुभानपुरा आणि आजूबाजूला घर भाड्यानं द्यायचं-घ्यायचं असलं की लोक मला फोन करतात. घर ठरलं की मी दलाली घेते, आधी ठरवून घेते, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. आमच्या मोठ्या नणंदबाईंना ह्या शब्दाची भारी लाज. लग्नकार्यात त्या माझी ओळख 'ही प्रॉपर्टीचं काहीतरी बघते' अशी करून देतात आणि मी तिथल्या तिथं दुरुस्त करते. ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा आमच्या घरात जे काही शिजलं ते दलालीवर शिजलं, आणि ते जेवायला नणंदबाईही यायच्या.

आता हे काम चालतं कसं ते सांगते. मालकाचा फोन येतो, घर खाली झालंय, पार्टी असेल तर बघा. मी म्हणते, आहे एक. त्यावर पहिला प्रश्न येतो, "केवा छे?" बाहेरगावच्या माणसाला वाटेल, स्वभावानं कसे आहेत असं विचारताहेत. कसलं काय! जात विचारताहेत. मग खाणं कसलं, मग फॅमिली की एकटे, मग नोकरी कुठं. आणि मी ह्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं वर्षानुवर्षं पाणी किती वाजता येतं हे सांगावं तशा आवाजात दिली. मालक नको म्हणाला की समोरच्या माणसाला सांगायचं, "अहो गेलं ते घर, कालच गेलं." कितीतरी भल्या माणसांना मी असं दारातून परत पाठवलंय. खरं काय ते त्यांना कळायचं, आणि त्यांना कळतंय हे मला कळायचं. त्याची मला शरम वाटते. मालक काही परके नव्हते हो, आपले मराठीही त्यात होते, उगाच कुणी नाक वर करू नये.

भाडेकरूही काही कमी नसतात. घर बघायला येतात आणि टाइल्स बघतात. अरे बाबा, आधी नळ सोड! सकाळी पाणी यायच्या वेळेला घर बघ, दुपारी सगळीच घरं गोजिरी दिसतात. खोलीतली एकच भिंत नव्यानं रंगवलेली असली तर तिथं ओल आहे असं समज. तळमजला असेल तर पार्किंगच्या भिंतीवर पाणी चढल्याची रेघ दिसते का बघ. विश्वामित्रीला पूर येतो तेव्हा काही सोसायट्यांत पाण्याबरोबर मगरही येते, आणि मालक हे आपण होऊन कधी सांगत नाही. आणि अगाशी! गच्चीला आम्ही बडोदेकर अगाशी म्हणतो. उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, दोन दिवस सगळं गाव पतंग घेऊन अगाशीवर असतं, म्हणून अगाशी वापरायला मिळणार का हे करारात लिहून घ्यायचं. वर्षभर गोड बोलणारा मालक त्या दोन दिवशी जिन्याला कुलूप लावतो आणि स्वतःच्या पाहुण्यांना वर नेतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आधीचा भाडेकरू का गेला हे मला विचारू नका, मी गोडच सांगणार. शेजारणीला विचारा.

ह्या बाबतीत एकच गिऱ्हाईक मला पुरून उरलं. जन्म जुन्या शहरातल्या घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत काढलेले एक निवृत्त मास्तर गुडघ्यांपायी लिफ्टचं घर शोधत होते. प्रत्येक खोलीच्या मधोमध ते खिशातली गोटी ठेवायचे. गोटी घरंगळली की, "उतार आहे, चला." ती थांबली तर बायकोला बाल्कनीत उभं करायचे, स्वतः खाली जाऊन तिला हाक मारायचे, आणि ती वर ऐकू आली पाहिजे. नवव्या घरात गोटी थांबली आणि हाकही पोचली, तेव्हा मी मारुतीला नारळ फोडला. पण एक कबूल करते. करार हातात दिल्यावर ते दोघं नवरा-बायको तो घरी घेऊन गेले आणि तीन दिवस वाचत बसले. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. असे वाचणारे आणखी चार भेटले असते तर पुढचं घडलं नसतं.

करार म्हणजे चार पानांचा कागद. तो अकरा महिन्यांचा असतो, कारण वर्षाचा केला की सरकारदरबारी नोंदवावा लागतो आणि ती यातायात कुणाला नको असते. अकरा महिने झाले की तारीख बदलून पुन्हा नवा. त्याचा गुजराती नमुना माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे, नावं बदलायची आणि छापायचा. जळगाव-धुळ्याकडून नोकरीसाठी आलेली आपली माणसं दोन वर्षांत फाडफाड गुजराती बोलायला लागतात, पण वाचता येत नाही. म्हणून मी वाचून दाखवते. वाचून दाखवायचे म्हणजे कसं, तर गुरुजी पूजा उरकतात तसं.

आणि नाव कुणाचं? ह्या प्रश्नाला आमच्या धंद्यात एकच उत्तर होतं. "भाईनी सही जोईशे." पुरुषाची सही हवी. बाई कमावती असो, भाडं तिच्या खात्यातून जात असो, मालकाला करारावर भाईच लागतो. मी स्वतः बाई. नळ गळतोय इथपासून वरचा शेजारी दारू पितो इथपर्यंत सगळ्या तक्रारी घेऊन माझ्याकडे बायकाच येतात. तरी मी शेकड्यांनी करार एकट्या नवऱ्याच्या नावानं केले आणि खाली लिहिलं, 'व त्यांचा परिवार'.

स्मिता त्या 'परिवारा'त होती.

नवरा नितीन बाजव्याकडच्या एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर, ही औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये, आणि मुलगी ऋचा. मुलीच्या शाळेजवळ घर हवं होतं, तसं मी दाखवलं. मालक जशुभाई, बँकेतून निवृत्त झालेले, पलीकडच्याच गल्लीत राहणारे. करार झाला त्या दिवशी मी आणि ते दोन पुरुष हॉलमध्ये बसून कागद उरकत होतो आणि स्मिता स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीसाठी ओटा वितीनं मोजत होती. मोजून बाहेर आली, माझ्या खांद्यावरून तिनं कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, "काकू, माझं नाव कुठं आहे?"

मी म्हटलं, "तुझं नाव कशाला? अगं, घरच तुझं आहे."

सगळे हसले. तीही हसली. मला वाटलं मी काय छान बोलले. आज ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

त्यानंतर करार दोनदा नवा झाला, दोन्ही वेळा मी फक्त तारीख बदलली. मग ऋचा दहावीत गेली. त्या डिसेंबरात नितीननं दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि परीक्षा झाली की तुम्हाला घेऊन जातो म्हणून सांगून गेला. जानेवारीच्या सुरुवातीला जशुभाईंचा मला फोन. नितीनभाईंनी मेसेज केलाय, ह्या महिनाअखेर घर सोडतोय, डिपॉझिट माझ्या खात्यात पाठवा. तर तुम्ही पुढची पार्टी बघून ठेवा.

मी स्मिताला फोन केला, सामान कधी हलवतेस विचारायला. तिला काहीच माहीत नव्हतं. त्यानं घर सोडल्याचं मालकाला कळवलं होतं, बायकोला नाही. घरात आपण असताना घर सोडलं गेलंय हे त्या बाईला दलालाकडून कळलं. फोनवर ती रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, काकू, ऋचाची प्रिलिम चालू आहे, तिला अजून सांगू नका. त्याच आठवड्यात तिला आणखीही कळलं, की तिकडे त्याचं दुसरं घर केव्हापासून मांडलेलं होतं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. ते तिचं आहे.

जशुभाई वाईट माणूस नव्हे. पण ते म्हणाले, "बेन, माझा करार नितीनभाईंशी. त्यांनीच घर सोडलं, तर आता आत राहतंय ते कोण?" कागदावर बघाल तर त्यांचं खरं होतं. तो कागद मी केला होता. बोर्डाची परीक्षा दीड महिन्यावर, शाळा पाच मिनिटांवर, आणि माझ्या एका आळसापायी त्या दोघी घरात असून कुठंच नव्हत्या.

मी म्हटलं, काढते दुसरं घर, त्यात काय! सव्वीस वर्षं हेच तर करतेय. एका आठवड्यात अकरा मालकांना फोन केले. भाडं चोख, आई-मुलगी दोघीच, शाकाहारी म्हणाल तर शाकाहारी. अकराही जणांनी एकच विचारलं, "भाई क्यां छे?" भाई कुठं आहे. त्यातल्या एकानं तर मला सांगितलं, "कुमुदबेन, तुम्हीच नेहमी सांगता ना, एकटी बाई म्हणजे कटकट." सांगत होते हो. मालकांशी गोड राहायला असलं पुष्कळ बोललेय. फोन ठेवला आणि माझ्या कानशिलात कुणीतरी दिल्यासारखं वाटलं.

उत्तरायण झालं आणि महिना संपत आला. एका सकाळी स्मिताचा फोन. म्हणाली, "काकू, आमच्या नळाला पाणी नाही. बाकी सगळ्यांना आहे." शेजारणीनं गुपचूप दोन बादल्या दिल्या होत्या, त्यात आंघोळ, भांडी, सगळं. मी तशीच रिक्षानं गेले. अगाशीवर प्रत्येक फ्लॅटचा वेगळा व्हॉल्व्ह असतो, हिचा बंद केलेला असणार, कारण अगाशीच्या दाराला कुलूप. किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. तो म्हणाला, दुरुस्ती चालू आहे. मी म्हटलं, एकाच फ्लॅटच्या पाण्याची दुरुस्ती, धन्य आहे तुमच्या प्लंबरची. त्यानं दार लावून घेतलं. स्मिताच्या घरात ऋचा भूमितीचं पुस्तक घेऊन बसलेली. आता तिलाही सगळं कळलेलं होतं, पण ती वर बघेना.

माझं डोकं फिरलं. आजवर मी मालकांशी कधी भांडले नव्हते, धंद्यात ते परवडत नाही. पण त्या दिवशी मी घरी जाऊन जुन्या फायली उपसल्या. आणि देवाच्या दयेनं एक कागद सापडला.

घर भाड्यानं दिलं की मालकानं भाडेकरूची माहिती पोलीस चौकीत द्यायची असते. तो फॉर्म मालकाच्या वतीनं मीच भरते. करार मी मालकांच्या सोयीनं लिहायचे, पण हा फॉर्म मात्र नीट, कारण अर्धवट असला की चौकीवाले परत पाठवतात आणि पुन्हा हेलपाटा. त्यात 'राहणाऱ्या व्यक्ती' असा रकाना होता. नितीन, स्मिता, ऋचा, तिघांचे फोटो, आणि खाली जशुभाईंची सही. चौकीचा शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे होती. पोलिसांच्या भीतीनं का होईना, एवढं एक काम मी धड केलं होतं.

मी स्मिताला घेऊन चौकीत गेले. तिथल्या हवालदारबाईंनी फॉर्म दोनदा वाचला. भाडं दर महिन्याला स्मिताच्याच खात्यातून गेलंय हेही तिच्या पासबुकात पाहिलं. मग म्हणाल्या, ह्या बाई इथं राहतात हे मालकानंच सही करून आम्हाला सांगितलंय, आता त्या कोण हे कसं विचारतात? घर खाली करून हवं असेल तर कोर्टात जावं, भाडं भरणाऱ्याचं पाणी बंद करता येत नाही. हे प्रत्येक भाडेकरूनं पाठ करून ठेवावं. वीज आणि पाणी ही मालकाच्या हातातली काठी नव्हे. बाईंनी तिथूनच सेक्रेटरीला फोन लावला, आणि तासाभरात त्याची दुरुस्ती संपली.

रविवारी सकाळी स्मिताचं काय करायचं ते ठरवायला सोसायटीनं पार्किंगमध्ये मीटिंग घेतली. प्लास्टिकच्या खुर्च्या, पंचवीस-तीस माणसं, जशुभाई मान खाली घालून पहिल्या रांगेत. सेक्रेटरी बराच वेळ बोलला. सोसायटीचं वातावरण, आपल्या घरात आयाबहिणी आहेत, एकट्या बाईकडे उद्या कोण येईल-जाईल. स्मिता मागं उभी होती, तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. मी माझी खुर्ची उचलून तिच्याकडे नेली आणि उभी राहिले. तेव्हा जशुभाईंनी मला विचारलं, "कुमुदबेन, तमे कोना तरफथी छो?" कुणाच्या बाजूनं?

मी म्हटलं, "ज्याचं पाणी तोडलं त्याच्या बाजूनं. आणि ऐका जशुभाई, चूक करारात आहे आणि ती माझी आहे. भाडं ही बाई भरत होती, नाव मी तिचं घातलं नाही. तुम्हाला भाईची सही हवी होती, ती मी आणून दिली. आता भाई पळाला. त्याच्या सहीचं लोणचं घालणार आहात का?"

मागच्या रांगेत बायका हसल्या. एक आजी गुजरातीत म्हणाली की पळाला तो पुरुष आणि पाणी बंद केलं बाईचं, हा कुठला न्याय. तिथून मीटिंगचा नूर बदलला. जशुभाई उठले आणि म्हणाले, स्मिताबेनच्या नावानं नवा करार करतो. सेक्रेटरीनं तोंड वाकडं केलं आणि एक अट घालायला सांगितली. रात्री नऊनंतर घरात पुरुष पाहुणा येणार नाही. मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते, मी मान हलवली. त्याच दुपारी मालक लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला काढून टाकलं, आणि त्या सोसायटीतलं एकही घर तेव्हापासून माझ्या हातात आलेलं नाही. न येवो. माझं काही अडलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी जशुभाईंच्या जेवणाच्या टेबलावर करार करायला बसलो. मी सवयीनं वाचायला घेतला, तर स्मितानं कागद माझ्या हातातून काढला आणि ऋचाकडे दिला. पोरगी शाळेत गुजराती शिकलेली. ती एक-एक ओळ गुजरातीत वाचायची आणि आईला मराठीत सांगायची, अडली तर मला विचारायची. पहिल्या पानाला वीस मिनिटं लागली. चहा निवून गेला. मला घाई झाली होती, पण तोंड मिटून बसले. आठव्या कलमाशी ऋचा थांबली. मनातल्या मनात वाचलं, आईकडे पाहिलं आणि मग मोठ्यानं सांगितलं.

स्मितानं मला विचारलं, "काकू, नितीनच्या करारात ही अट होती?"

इतकी वर्षं ती नवऱ्याला 'हे' म्हणायची. त्याचं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, नव्हती.

"मग मी सही करणार नाही."

टेबलाखालून मी तिच्या पायावर पाय दिला. दबक्या आवाजात म्हटलं, अगं, परीक्षा तोंडावर आली, कर सही, कोण बघायला येतंय नऊ वाजता? ती पाय बाजूला घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"तेव्हा तुम्ही म्हणालात, नाव कशाला. आता म्हणता, अट असू दे. माझा भाऊ जळगावहून रात्रीच्या गाडीनं येतो, काकू. त्याला सकाळपर्यंत स्टेशनवर बसवू?"

जशुभाईंचा जन्म बडोद्यातला, मराठी त्यांना आपल्याइतकी कळते. त्यांनी चष्मा लावला, कागद ओढून घेतला आणि आठवं कलम वाचलं. मग विचारलं, "आ कोणे लख्युं?" हे कुणी लिहिलं? मी सांगितलं, सेक्रेटरीनं घालायला लावलं. ते म्हणाले, घालायला कुणी लावलं ते मीही ऐकलं, बेन. लिहिलं कुणी, हे विचारतोय.

मी म्हटलं, मी.

त्यांनी पेन काढलं, ती ओळ खोडली आणि बाजूला सही केली. मग स्मितानं सही केली, मराठीत, सासरचं आडनाव न लावता.

ऋचानं परीक्षा त्याच घरातून दिली. आता ती अकरावीला आहे आणि त्या दोघी तिथंच राहतात. पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. घरी आले, चपला काढल्या आणि सरळ कॉम्प्युटरपुढे बसले. ते आठवं कलम मी स्मितासाठी नवीन लिहिलं नव्हतं. कुठून तरी उचलून चिकटवलं होतं, आणि कुठून ते मला चांगलं माहीत होतं. जुने करार एक-एक उघडले. भाईशिवाय घर देणारे थोडे मालक मिळायचे, त्यांच्याकडच्या हॉस्पिटलमधल्या नर्स, शाळेतल्या शिक्षिका, शिकायला आलेल्या मुली, एक घटस्फोटित प्राध्यापिका. बायकांच्या प्रत्येक करारात ते कलम होतं. पुरुषांच्या एकाही करारात नव्हतं, अगदी चार-चार बॅचलर पोरं राहायची त्यांच्याही नाही. कितीतरी ठिकाणी मालकानं मागितलंसुद्धा नव्हतं. मालकाला बरं वाटेल म्हणून ते मीच घालत आले होते.

बायकांसाठी वेगळं ठेवलेलं ते कलम पुसलं. नमुन्यात जिथं एक नाव होतं तिथं दोन नावांची जागा केली. आता कुणी भाईची सही मागितली की मी सांगते, दोघांच्या होतील, नाहीतर दुसरा दलाल बघा. काही मालक बघतात. बघू देत.

मग वही घेतली आणि ज्यांचे करार अजून चालू होते त्या बायकांना फोन लावायला बसले. प्रत्येकीला तेच सांगितलं: तुझ्या करारातलं आठवं कलम मी घातलंय, ती माझी चूक, नवा करार करशील तेव्हा ते खोडून टाक, मालक अडला तर मला बोलाव. कुणी दचकल्या, कुणी आभार मानले. शेवटचा फोन एका नर्सला केला. केरळची मुलगी, चार मैत्रिणी मिळून राहतात. सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागली. तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, आंटी, वो हमने कभी माना ही नहीं.

मी म्हटलं, "ते बरं केलंत. पण आता सहीसुद्धा करू नका."